तिसऱ्या क्लॅरिनेटचा कागद आधी वाचा

पत्र, थोडक्यात:

"मी मुलुंडच्या एका शाळेत संगीत शिकवते. गायनात विशारद आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत, कीबोर्डच्या परीक्षांपुरतं शिकले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला वाद्यं दिली आणि दोन वर्षांपूर्वी आमचा बँड सुरू झाला. सातवी ते नववीची ३१ मुलं आहेत: फ्लूट ४, क्लॅरिनेट ८, आल्टो सॅक्सोफोन ३, ट्रम्पेट ६, ट्रॉम्बोन २, युफोनियम १ आणि ड्रमवर ७. ओबो, बासून, हॉर्न, ट्यूबा नाहीत. रविवारी काही माजी विद्यार्थी आणि पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक काका मुलांबरोबर वाजवायला येतात. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात आम्हाला १५ मिनिटं दिली आहेत. मुख्याध्यापिकांना हिंदी सिनेमातलं गाणं हवंय. माजी विद्यार्थी मंडळाच्या सचिवांनी इंग्रज संगीतकार होल्स्टच्या 'फर्स्ट सूट' या बँडच्या रचनेचा व्हिडिओ पाठवून 'हेच बसवा' म्हणून सांगितलंय. एक पालक म्हणतात, त्यांची मुलगी ग्रेड पाच पास आहे, मग बँडसाठी ग्रेड पाचचं म्युझिक घ्यायला काय हरकत? पैसे जेमतेम दोन-तीन सेटचे, म्हणजे दोन-तीन रचनांच्या छापील कागदांचे, आहेत. काय घेऊ?"

नमस्कार मॅडम,

पालकांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या परीक्षांची ग्रेड एक ते आठ असते आणि ती एकट्या वादकाची असते. बँडच्या म्युझिकवर छापलेली ग्रेड साधारण एक ते सहा असते आणि ती अख्ख्या बँडची असते. नाव एकच, मोजमाप वेगळं. बँडचं ग्रेड पाच म्हणजे कॉलेजातल्या चांगल्या बँडला घाम फोडणारं काम: आठ-दहा मिनिटांच्या रचना, मध्येच बदलणारे ताल, हॉर्न आणि ओबोचे उघडे सोलो. त्या मुलीचं कौतुक करा आणि तिला पहिल्या फ्लूटची किंवा पहिल्या क्लॅरिनेटची जबाबदारी द्या. तुमचा बँड आज ग्रेड एकवर उभा आहे. काही मुलं ग्रेड दोनचे पार्ट (एकेका वाद्याचे कागद) वाजवू शकतील. यात कमीपणा नाही, आणि मुख्याध्यापिकांनाही हे आकडे समजावून सांगाच. त्याआधी एक लक्षात ठेवा: दोन प्रकाशकांची ग्रेड दोन सारखीच असते असं नाही. एकाची दुसऱ्याच्या दीड इतकी सोपी निघते. छापील आकड्यावर जाऊ नका, कागद बघा.

कागद बघायचा म्हणजे काय? आपण सगळे आधी रेकॉर्डिंग ऐकतो. बरेच प्रकाशक आता स्कोअरची (सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली) पानं आणि ऑडिओ ऑनलाइन फुकट दाखवतात, ही मोठी सोय आहे. पण ते रेकॉर्डिंग केलेलं असतं पट्टीच्या वादकांनी, सगळी वाद्यं हजर असलेल्या बँडवर. त्यांनी पाढे वाजवले तरी छान वाटतील. म्हणून माझा क्रम उलटा असतो. मी आधी दुसऱ्या-तिसऱ्या क्लॅरिनेटचा पार्ट वाचतो, मग बेसचा, मग ड्रमचा. चाल शेवटी. चाल चांगली असणारच, ती विकायलाच ठेवलेली असते. तुमच्या आठव्या क्लॅरिनेटवर बसणाऱ्या पोराला दोन पानं फक्त लांबलचक सुरांची दिली असतील तर तो ऑगस्टमध्येच क्रिकेटकडे वळेल. त्याला कुठेतरी चार बार (तालाचे छोटे तुकडे) का होईना पण ऐकू येतील असे मिळायला हवेत.

आता क्लॅरिनेटचीच गोष्ट, कारण ते तुमच्याकडे आठ आहेत. या वाद्यात मधल्या 'ए'-'बी फ्लॅट'वरून त्यावरच्या 'बी'वर जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली यावी लागतात. बँडवाले याला 'ब्रेक' म्हणतात. दोन वर्षं शिकलेल्या मुलांपैकी काही तो ओलांडतात, बाकीची चिरकतात. ग्रेड एकचा नेक लेखक दुसऱ्या क्लॅरिनेटला ब्रेकच्या खाली ठेवतो आणि पहिल्याला ओलांडायला लावलं तरी पायरी-पायरीने लावतो. तुम्ही पार्ट उघडलात आणि तिसऱ्या ओळीत क्लॅरिनेट खालून एकदम वर उडी मारताना दिसला, तर तो सेट परत ठेवा. ट्रम्पेटचं दुखणं वेगळं. तिथे उंचीपेक्षा दम महत्त्वाचा. सहावी-सातवीनंतर काही मुलांच्या दातांना तारा असतात. ओठ थकले की सूर खाली बसतो. ट्रम्पेटला अधूनमधून चार-आठ बार विश्रांती आहे का, ते मोजा. पहिल्यापासून शेवटपर्यंत ट्रम्पेटच वाजत असतील तर लेखकाला मुलांबद्दल काहीच माहिती नाही असं समजा.

यापुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही पेटीवर वाढलात. बँडचं घर 'बी फ्लॅट'मध्ये, म्हणजे आपल्या काळी पाचमध्ये. शेजारी 'ई फ्लॅट', म्हणजे काळी दोन, आणि 'एफ', म्हणजे पांढरी चार. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या कागदावरचा सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळा असतो, म्हणून काळी पाचमध्ये वाजवताना क्लॅरिनेटच्या कागदावर एकही शार्प-फ्लॅट (सूर अर्ध्याने वर-खाली करणारी खूण) नसतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर एकच शार्प असतो. आता समजा गाणं पांढरी तीनमध्ये आहे आणि कोणी ते तसंच्या तसं बँडसाठी लिहून दिलं. क्लॅरिनेटला सहा शार्प आणि आल्टोला सात! तेच अर्ध्या सुराने वर, पांढरी चारला नेलं तर क्लॅरिनेटला एक, आल्टोला दोन. ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही, वाजवणाऱ्याचा जन्म सुटेल. गायकाची आवडती काळी एकसुद्धा फ्लूट आणि ट्रॉम्बोनला पाच फ्लॅट देते, तेव्हा तिलाही लांबूनच नमस्कार.

आणखी एक. नव्या मुलांना बँडच्या पुस्तकात जे पहिले सहा सूर शिकवतात ते काळी पाचपासून 'जी'पर्यंतचे असतात: सा रे ग म प ध. त्यातला मध्यम सोडला की भूप, गंधार सोडला की दुर्गा. तार षड्ज टाळायचा आणि मंद्र धैवत घ्यायचा, तो सगळ्यांच्या बोटाखाली येतो. ब्रेकही आड येत नाही. भूपमधली आठ-बारा बारांची एक स्वररचना तुम्ही स्वतः लिहा: आधी फ्लूट आणि क्लॅरिनेट, मग ट्रॉम्बोन आणि युफोनियम, मग सगळे, खाली षड्ज-पंचम धरलेला. मीड आणि आंदोलनाच्या वाटेला जाऊ नका. ते फक्त ट्रॉम्बोनला जमेल आणि त्या दोन मुलांना एकदा जमलं की थांबवता येणार नाही. म्युझस्कोअर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पेटीच्या सुरात लिहिलं की ते प्रत्येक वाद्याच्या कागदावर आपोआप बदलून देतं. विशारदसाठी केलेल्या तयारीचा उपयोग बँडमध्ये कुठे होणार, असं तुम्हाला वाटत असेल तर तो इथे होतो.

विकत काय घ्यायचं? तुमची वाद्यं मोजलीत, त्यातून उत्तर निघतं. ओबो आणि बासून नसण्याची फिकीर नको. या ग्रेडला त्यांचं काम दुसऱ्या वाद्यांच्या पार्टमध्ये बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्याला क्यू म्हणतात. स्कोअरमध्ये तेवढं आहे ना ते पाहा. हॉर्नचं काम बहुतेक वेळा आल्टो सॅक्सोफोन सांभाळतात. खरी उणीव ट्यूबाची, म्हणजे सगळ्यांत खालचे सूर धरणाऱ्या वाद्याची आहे. तळ नसला की वरचे सगळे सूर लटकतात आणि मुलांचं ट्यूनिंगही बिघडतं, कारण कशाला धरून जुळवायचं तेच ऐकू येत नाही. यावर मुंबईत सोपा उपाय आहे: प्रत्येक वर्गात कीबोर्डचा क्लास करणारी दोन-चार मुलं सापडतात. ट्यूबाचा पार्ट बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांच्या खुणेत) आणि खऱ्या सुरात लिहिलेला असतो, म्हणून कीबोर्डवाल्याला तो जसाच्या तसा डाव्या हाताने वाजवता येतो. बेस गिटारवाला माजी विद्यार्थी मिळाला तर फारच छान.

म्हणून तुमच्या पैशातून एक सेट 'फ्लेक्स' प्रकारचा घ्या. यात रचना साधारण चार-पाच स्वतंत्र पार्टमध्ये असते आणि प्रत्येक पार्ट अनेक वाद्यांसाठी वेगवेगळ्या कागदांवर छापलेला असतो. पहिला पार्ट फ्लूट, क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट. पाचवा ट्यूबा, युफोनियम, कीबोर्ड, जे असेल ते. रविवारी कधी १९ जण येतात, कधी ४०. अशा मंडळींसाठी याहून बरं काही नाही. दुसरा सेट नेहमीच्या प्रकारातला, ग्रेड दीड किंवा दोनचा, चार मिनिटांच्या आतला. त्यात ड्रमचे पार्ट भरपूर असू देत. लहान बँडच्या हल्लीच्या म्युझिकमध्ये स्नेअर, बेस ड्रम, झांजा, टॅम्बोरिन, ग्लोकेनस्पील मिळून पाच-सहा जणांची सोय असते. तुमची सात मुलं ढोल-ताशा ऐकत मोठी झालेली आहेत. त्यांना अडीच मिनिटं फक्त 'बूम-चिक' दिलंत, तर ती स्वतःहून भर घालतील. घातलेली भर तुम्हाला मुख्य कार्यक्रमातच कळेल.

सेटच्या किमती परदेशी प्रकाशकांकडे साधारण ५० ते १०० डॉलरच्या दरम्यान असतात. बरेच सेट पीडीएफ मिळतात, म्हणजे कुरियर आणि कस्टमचा त्रास नाही. धोबी तलावाच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात एक चक्कर टाका; निदान शिकवण्याची पुस्तकं हातात घेऊन बघता येतील. आणि काकांसाठी एक सांगून ठेवतो. आपल्याकडच्या जुन्या बँडवाल्यांपैकी अनेक जण ट्रॉम्बोन, युफोनियमसुद्धा ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या सुरांच्या खुणेत) वाचतात, आणि अमेरिकन सेटमध्ये ट्रॉम्बोनचा पार्ट बेस क्लेफमध्येच येतो. काही प्रकाशक 'वर्ल्ड पार्ट्स' या नावाने ट्रेबल क्लेफचे आणि 'ई फ्लॅट' हॉर्नचे जादा पार्ट त्यांच्या साइटवर ठेवतात. विकत घेण्याआधी ते आहेत का पाहा, नाहीतर चाळीस वर्षं बँडमध्ये काढलेला माणूस पहिल्याच रविवारी अडाणी ठरेल. मोठ्यांना सगळे पहिले पार्ट देऊ नका, एवढी माझी विनंती. काकांना युफोनियमच्या मुलाशेजारी बसवा. तो एकटा आहे, त्याला त्यांची सगळ्यांत जास्त गरज आहे.

आता सिनेमाचं गाणं. मी त्याच्या विरोधात नाही. या शहरात स्टाफ नोटेशन वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांनीच हिंदी सिनेमाचे ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि व्हायोलिन दशकानुदशकं वाजवले, तेव्हा बँड आणि सिनेमा यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. पण गाणं निवडताना एक चाचणी करा. शब्द काढा, हरकती-मुरक्या काढा आणि उरलेली चाल 'ला ला' करत एखाद्या सहावीतल्या मुलापुढे म्हणा. ओळखली तर बँडवर चालेल. पुष्कळ लाडकी गाणी इथेच आपटतात, कारण त्यांचा जीव गायकाच्या गळ्यात असतो, सुरांच्या सांगाड्यात नसतो. कहरवा असेल तर चारच्या तालात सहज बसतं. दादरा असेल तर सहा-आठच्या मार्चची तयारी आपोआप होते.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे शाळा दोन्ही टोकांना जातात: काही घाबरून काहीच करत नाहीत, काही सगळं झेरॉक्स करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेला सवलत आहे. शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींपुढेच वाजवलं, तर त्या सादरीकरणासाठी परवाना लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता वाजवलं तरी तशीच सवलत आहे. म्हणजे स्नेहसंमेलन ठीक, रविवारच्या मंडळींचा फुकट कार्यक्रमही ठीक. तिकीट लावलंत की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडे विचारणा करावी लागेल. पण ही सवलत वाजवण्याची आहे. गाण्याची नवी बँड-रचना लिहून घेणं, एक सेट घेऊन शेजारच्या शाळेला त्याच्या प्रती वाटणं, कार्यक्रमाचा व्हिडिओ चॅनेलवर टाकणं, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांना परवानगी लागते. त्यामुळे मुख्याध्यापिकांचं गाणं घ्यायचंच असेल तर छापील, परवानाधारक रचना शोधा. मिळाली नाही तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या म्युझिक कंपनीला पत्र लिहा आणि उत्तराला वेळ लागेल हे गृहीत धरा.

दुसरी वाट मोकळी आहे. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. यात लोक एक गोष्ट विसरतात: अभंग तुकारामांचा असला तरी आज आपण गातो ती चाल पुष्कळदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते आणि बँडवर तर शब्द नसतातच, चालच असते. तेव्हा 'संतांचंच आहे' म्हणून बिनधास्त घेऊ नका. वारीतल्या 'ज्ञानोबा-तुकाराम'च्या गजराचा ठेका, लेझमीचे हात, आरतीची पारंपरिक चाल: यावर तुम्ही हवं ते लिहू शकता. लेझीम तर तुमच्या शाळेत असेलच. सात ड्रमवाले आणि वीस लेझीमवाले मंचावर आणा, वर भूप ठेवा. चार मिनिटं सहज निघतील, आणि सचिवांनाही ते भव्य वाटेल याची मला खात्री आहे.

सचिवांचं होल्स्ट राहिलं. 'फर्स्ट सूट' १९०९ चा आहे, तीन भागांचा, साधारण अकरा मिनिटांचा. तुमच्या १५ मिनिटांतली अकरा तोच खाईल आणि आजच्या मुलांना तो झेपणारही नाही. पण सरळ नाही म्हणू नका. होल्स्ट १९३४ मध्ये वारला, म्हणजे आपल्याकडे त्याच्या संगीतावर आता हक्क नाही. तो स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा आणि ते त्याच्या लिहिण्यात दिसतं: मागच्या बाकावरच्या वाद्यांची त्याला कदर आहे. त्याच्या पहिल्या भागात सगळी रचना आठ बारांच्या एकाच चालीवर उभी आहे आणि ती चाल सर्वांत आधी मिळते ट्यूबा आणि युफोनियमला. (संस्कृत शिकून सावित्रीवर ऑपेरा लिहिणारा माणूस हा, मुलांना सांगा, त्यांना गंमत वाटेल.) ते आठ बार सगळ्या वाद्यांना आपापल्या सोयीच्या सप्तकात लिहून द्या. काळी दोनमध्ये आहेत. जूनपासून प्रत्येक सरावाची सुरुवात त्यांनी करा, सगळे एकत्र, सावकाश. युफोनियमच्या मुलाची मान ताठ होईल. सचिव सरावाला आले की ऐकवा.

संथ रचनांबद्दलही एवढंच: कार्यक्रमात एक हवीच, पण संथ म्हणजे सोपं नव्हे. जलद मार्चमध्ये चुका पळून जातात, संथ रचनेत त्या मांडी घालून बसतात. फ्लेक्सचा सेट संथ घेतलात तर त्याला सर्वांत जास्त वेळ द्या.

वेळेचा हिशोब शाळेच्या कॅलेंडरवर करा. जून ते डिसेंबर सहा महिने दिसतात. त्यातून पावसातले सुट्टीचे दिवस, गणपती, सहामाही आणि दिवाळी वजा करा. पावसाळ्यात क्लॅरिनेटचे पॅड ओल धरून चिकटतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये अवघड पार्ट बसत नसेल तर मुलावर ओरडण्याआधी वाद्य बघा. म्हणून नवं म्युझिक जूनमध्येच मुलांसमोर ठेवा आणि पहिल्या वाचनाला स्वतः परीक्षक व्हा. अर्ध्या लयीत, चुकत-माकत का होईना, बँड न थांबता शेवटापर्यंत पोचला तर निवड बरोबर. तीनदा कोलमडला तर सेट कपाटात ठेवा आणि पुढच्या वर्षी काढा.

कार्यक्रम माझ्या मते असा: ग्रेड दोनचा सेट आधी, मग फ्लेक्सची संथ रचना, शेवटी लेझीम. तीनही मिळून अकरा-बारा मिनिटं. उरलेली तीन मिनिटं खुर्च्या लावण्यात आणि लेझीमवाल्यांच्या ये-जा करण्यात जातात. ती कोणी धरत नाही आणि मग शेवटची रचना कापली जाते. मैदानात वाजवणार असाल तर कागदाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. शिल्लक पैशातून तिसरा सेट घेऊ नका. मंडळाला पत्र लिहा की पुढच्या वर्षी म्युझिक नको, एक ट्यूबा द्या, आणि त्या पत्रासोबत युफोनियमचा मुलगा होल्स्टचे आठ बार वाजवतानाचं रेकॉर्डिंग जोडा.